आगगाडीची शिट्टी आणि कानाची साक्ष

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस, दुपारीं साडेतीनच्या सुमारास, मुंबईच्या बोरीबंदराहून एक गाडी ठाण्यास निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान हीं तीन एंजिनें तिला जोडलेलीं होतीं. मागें १४ डबे होते व त्यांत सुमारें ४०० निमंत्रित मंडळी बसली होती. निघतांना २१ तोफांची सलामी झाली. हिंदुस्थानांतील उतारूंच्या आगगाडीचा हा आरंभ होय. त्या दिवसाचें वर्णन करतांना बहुधा डोळ्यांना काय दिसलें तें सांगितलें जातें: धूर, वेग, लोकांची गर्दी. परंतु त्या दिवशीं कानांनाही एक नवी गोष्ट भेटली, आणि तिचा इतिहास कमी मनोरंजक नाहीं.

तोंवर ह्या मुलुखांतील माणसाने जे आवाज ऐकले होते, त्यांचा उगम बहुधा एका जागीं स्थिर असे, नाहीं तर माणसाच्या किंवा बैलाच्या पावलानें चालणारा असे. देवळांतील नगारा जागचा हलत नाहीं. पालखीपुढील तुतारी चालते, पण सावकाश. आगगाडीबरोबर असा आवाज आला कीं, जो धांवत येतो, समोरून निघून जातो आणि जातांना आपला स्वर बदलतो. रुळांच्या कडेला उभा राहून शिट्टी ऐकणाऱ्या कोणालाही हें कळतें. गाडी समोरून जाते त्या क्षणीं उंच लागलेला स्वर एकाएकीं खालीं येतो. गाडीवरील ड्रायव्हरास मात्र हा उतार मुळींच ऐकूं येत नाहीं. शिट्टी एकच, मग दोघांच्या कानांत हा भेद कां?

ह्याचें उत्तर समजण्यास प्रथम ध्वनि म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं कल्याणच्या यार्डासारखी दुसरी शाळा नाहीं. मालगाडीचे डबे रांगेनें उभे असतात. एंजिन येऊन पहिल्या डब्यास धक्का देतें. तो डबा वीतभर सरकतो आणि दुसऱ्यास ढकलतो, दुसरा तिसऱ्यास. आणि खडखडाट करीत तो धक्का रांगेच्या दुसऱ्या टोकास पोंचतो. धक्का सगळी रांग चालून गेला. डबे मात्र जवळजवळ जेथल्या तेथें राहिले. हवेंतही असेंच घडतें. शिट्टी वाजली कीं तिच्याजवळची हवा दाटते, मग विरळ होते, पुन्हां दाटते; आणि दाट व विरळ अशा पट्ट्यांची ती माळ पुढें पुढें सरकत जाते. हीच ध्वनीची लाट. समुद्राची लाट पाण्याला वरखालीं करते. ध्वनीची लाट हवेला स्वतःच्या दिशेनेंच पुढेंमागें हलविते. अशा किती लाटा एका सेकंदांत कानावर आदळतात, त्यावर स्वराची उंची ठरते. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत आंदोलनें ऐकूं येतात.

ह्या लाटेला वेग आहे, आणि तो मोजण्यासाठीं विद्वानांनीं पुष्कळ श्रम केले. न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या ग्रंथांत तो गणितानें काढला. पण त्याचा आंकडा प्रत्यक्षापेक्षां सुमारें एकषष्ठांशानें कमी आला. दाबली गेलेली हवा क्षणभर तापते व ती उष्णता निघून जाण्यास अवधि मिळत नाहीं, हें न्यूटननें हिशेबांत धरलें नव्हतें. ती चूक फ्रान्समधील लाप्लासनें १८१६ सालीं दुरुस्त केली. मद्रासच्या वेधशाळेंतील जॉन गोल्डिंगहॅम ह्यानें तोफेचा प्रकाश दिसणें आणि तिचा आवाज कानीं येणें ह्यांमधील काळ मोजून आपलीं निरीक्षणें १८२३ सालीं प्रसिद्ध केलीं. हवा जितकी उष्ण तितका ध्वनि वेगवान. कोंकणच्या उन्हाळ्यांत तो सेकंदास सुमारें ३४८ मीटर जातो. बोरीबंदरची सलामी ३४ किलोमीटरांवरील ठाण्यास ऐकूं जाण्याइतकी मोठी असती, तर ती शंभर सेकंदांच्या आंत तेथें पोंचली असती. गाडीला तासाच्या आसपास वेळ लागला. ध्वनि आगगाडीपेक्षां फार वेगवान खरा; पण इतकाही नव्हे कीं, त्याच्यापुढें गाडीचा वेग शून्य मानावा.

नेमकी हीच गोष्ट ऑस्ट्रियाच्या ख्रिश्चन डॉप्लरनें ओळखली. १८४२ सालीं प्राग येथें त्यानें जोडताऱ्यांच्या रंगांविषयीं एक निबंध वाचला. लाटांचा उगम जवळ येत असेल तर प्रत्येक पुढची लाट आधीच्या लाटेपेक्षां थोड्या जवळून निघते. त्यामुळें लाटा दाटीनें येतात व त्यांची संख्या वाढते. उगम दूर जात असेल तर त्या विरळ होतात. ताऱ्यांच्या रंगांस त्यानें लावलेलें कारण पुढें टिकलें नाहीं. पण मूळ नियम खरा ठरला, आणि तो प्रथम कसास लागला तो आगगाडीवर. हॉलंडमधील बाइस बॅलट ह्यास ताऱ्यांविषयींचें म्हणणें पटलें नव्हतें. १८४५ च्या जून महिन्यांत उट्रेख्त व मार्सेन ह्यांच्या दरम्यान त्यानें गाडीवर तुतारी वाजविणारे बसविले आणि रुळांच्या कडेला तयार कानाचे वादक उभे केले. तुतारीचा स्वर तोच असतां, गाडी येतांना तो चढा व जातांना उतरलेला ऐकूं आला. ठाण्याला गाडी येण्यापूर्वीं आठ वर्षें हें कोडें सुटलें होतें.

हा उतार किती, हें गाण्याच्या भाषेंतही सांगतां येतें. गाडी ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर वेगानें जात असेल आणि शिट्टीचीं आंदोलनें ४०० असतील, तर येतांना सुमारें ४२४ व जातांना सुमारें ३७८ ऐकूं येतात. ह्या दोहोंचें प्रमाण जवळजवळ ९ ला ८ असें आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनीं बावीस श्रुतींवरील आपला ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत तारेच्या मोजणीनें स्वरांचीं अशींच प्रमाणें निश्चित केलेलीं आहेत. चतुःश्रुति ऋषभ आणि षड्ज ह्यांमधील प्रमाण तें हेंच. म्हणजे कडेनें जाणारी गाडी ‘रे’ वरून ‘सा’ वर येते, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें एक समजूत मात्र काढून टाकली पाहिजे. गाडी जवळ येऊं लागली कीं तिचा स्वर चढत जातो, असें अनेकांस वाटतें. तसें होत नाहीं. एकाच वेगानें थेट समोरून येणाऱ्या गाडीचा आवाज मोठा होत जातो. स्वर मात्र आरंभापासून जेवढा चढा असतो तेवढाच राहतो. तो उतरतो तो गाडी पुढें निघून गेल्यावर. स्वराचा हा बदल कडेला उभ्या असलेल्यास ऐकूं येतो; प्रत्यक्ष रुळांवर उभ्या असलेल्यास तो कांहींच सूचना देत नाहीं.

ही गोष्ट केवळ पुस्तकी नव्हे. १८५४ सालच्या मे महिन्याच्या १ तारखेस रूळ खाडी ओलांडून कल्याणास पोंचले. १९१६ सालीं पारसिकच्या डोंगरांतून सुमारें १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. १९२५ सालीं मुंबईंत विजेची गाडी धांवूं लागली आणि पुढील थोड्या वर्षांत ती कल्याणच्याही पुढें गेली. वाफेच्या एंजिनाचा दुरून ऐकूं येणारा फुसफुसाट त्यामुळें हळूहळू नाहींसा झाला. आज ठाणें, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण ह्या पट्ट्यांत अनेक रूळ शेजारीं शेजारीं आहेत, आणि घाईमुळें पूल टाळून ते ओलांडणारीं माणसेंही आहेत. त्यांचा भरवंसा कानावर असतो.

तो भरवंसा किती खरा? ३४८ मीटरांवर वाजलेली शिट्टी एका सेकंदांत कानीं येते, आणि ताशीं ७२ किलोमीटर वेगाची गाडी पोंचण्यास त्यानंतर सोळा सेकंद उरतात. बाजूस होण्यास एवढा वेळ पुरे आहे. मात्र ती शिट्टी ऐकूं आली पाहिजे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून शेजारच्या रुळावरून दहा पावलांवर खडखडत जाणारी गाडी, दुरून येणाऱ्या गाडीचा आवाज सहज झांकून टाकते. एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकणाऱ्याला दुसरी ऐकूंच येत नाहीं. कानांत गाणें लावून चालणाऱ्याची तर गोष्टच नको.

१८५३ सालीं नव्या शिट्टीचें नवल करणारे लोक रुळांच्या कडेला उभे होते. स्वर उतरलेला ऐकूं येणें, ह्याचा अर्थ गाडी सुखरूप पुढें गेली असाच असतो. कान गेलेल्या गाडीची साक्ष चोख देतो. येणाऱ्या गाडीसाठीं मात्र डोळे उघडे ठेवावे, आणि पुलाच्या पायऱ्या चढाव्या.