शार्कोने नोंदवले, वैद्यकाने विसरले : एमएस आणि स्मृतीचा इतिहास

१/ एखादे लक्षण आजाराच्या आरंभीच्या वर्णनातच नोंदले जावे आणि पुढे शतकभर दुर्लक्षित राहावे, असे घडू शकते काय? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) बाबतीत ते घडले. आजचा थ्रेड त्या विस्मृतीविषयी.

२/ मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे वेष्टन असते. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच त्यावर आघात करते. संदेश मंदावतात, कधी खंडित होतात.

३/ १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील व्याख्यानांत झाँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचे सुस्पष्ट चित्र मांडले. कंप व अडखळती वाचा यांसोबत स्मरण क्षीण होते, विचार मंदावतो, हेही त्यांनी नमूद केले.

४/ १९२६ मध्ये मात्र कॉट्रेल व विल्सन यांनी १०० रुग्ण तपासून बौद्धिक ऱ्हास क्वचितच आढळतो, असे म्हटले. कारण उघड आहे. या आजारात भाषा बहुधा शाबूत राहते. मंदावतात आकलनाची गती आणि आठवण. रुग्ण नीट बोलतो, म्हणून वैद्य निश्चिंत होतो.

५/ १९८३ ची कुर्ट्झके यांची ० ते १० ही मोजपट्टी आजही वापरात आहे. तिच्यात ४ च्या पुढे मुख्यतः चालण्याची क्षमताच मोजली जाते.

६/ १९९१ मध्ये स्टीफन राव यांनी सविस्तर चाचण्या घेतल्या. १०० पैकी ४३ रुग्णांत बौद्धिक बाधा आढळली आणि शारीरिक अपंगत्वाशी तिचा संबंध दुबळाच निघाला!

७/ आपल्याकडे एमएस हा थंड देशांचा आजार मानला जाई. १९८८ च्या अभ्यासात मुंबईतील पारशी समाजात लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. त्याआधीच, १९८५ साली, स्वतः एमएसग्रस्त असलेल्या रेहमत फझलभॉय यांनी मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापली होती.

८/ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एमएसला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. तरी गोदाकाठच्या शहागडसारख्या गावात धडधाकट दिसणारा तरुण हिशेब चुकू लागला, सांगितलेले विसरू लागला, तर त्याला ‘निष्काळजी’ हेच प्रमाणपत्र आधी मिळते.

९/ चिन्हांना अंक जुळवण्याची एक चाचणी अवघ्या ९० सेकंदांची आहे. कागद आणि घड्याळ पुरते. तिने आजाराचे निदान होत नाही, पण मंदावलेली विचारगती दिसते. शार्को यांनी जे पाहिले, ते पाहण्यासाठी आज एवढेच साधन पुरेसे आहे.