नंदुरबार परिसरातील जुनी चर्चे व ऐतिहासिक वास्तू

नंदुरबार परिसरातील जुनी चर्चे व ऐतिहासिक वास्तू : महाराष्ट्राच्या वायव्य टोकाकडील नंदुरबार हे खानदेशातील प्राचीन शहर. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन ते नव्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. परंपरा त्याची स्थापना नंद गवळ्याकडे नेते. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने येथील मराठ्यांचे कलाकौशल्य, वैद्यक व ज्योतिष यांची नोंद केली. सुरत–बुऱ्हाणपूर मार्गावरील या शहरात १६१० मध्ये विल्यम फिंच या इंग्रज प्रवाशाने अनेक थडगी, विलासगृहे, किल्ला व सुंदर तलाव पाहिला. १६६६ मध्ये येथे इंग्रजांची वखारही होती. वखार आली म्हणून चर्च आले, असे मात्र झाले नाही. कंपनीला व्यापार हवा होता. मिशनऱ्यांना तिच्या मुलखाची दारे १८१३ च्या सनदेनेच उघडली.

येथील ख्रिस्ती वास्तू त्यामुळे वसई वा गोव्याच्या पोर्तुगीज चर्चवास्तूंच्या मालिकेत बसत नाहीत. त्या विसाव्या शतकातील व प्रॉटेस्टंट पंथाच्या आहेत. स्वीडनमध्ये जन्मलेल्या फ्रेड्रिक फ्रान्सन (१८५२–१९०८) याने १८९० मध्ये अमेरिकेत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केले (१९४९ पासून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’). विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच्या मिशनऱ्यांनी पश्चिम खानदेशात काम सुरू केले. तापी खोऱ्यातील लोहमार्ग नुकताच झाला असल्याने नवापूर, नंदुरबार ही ठाणी सुरतेशी जोडली गेली होती. या परंपरेत प्रवचन व सामुदायिक गायन हाच उपासनेचा गाभा असल्याने मूर्ती किंवा अलंकृत वेदी यांना स्थान नाही; प्रशस्त, साधे सभागृह पुरेसे होते. शिल्पसौंदर्य शोधणारा अभ्यासक अशा वास्तूंकडे पाठ फिरवितो. परंतु त्यांचे महत्त्व दगडात नसून त्यांच्याभोवती जमलेल्या भिल्ल, मावची व गावित समाजांत आहे. मराठीबरोबरच या समाजांच्या बोलींतही उपासना रुजली, आणि परक्यांनी सुरू केलेली मंडळी स्थानिक पाळकांच्या हाती आली. प्रार्थनागृहाजवळ शाळा व दवाखाना काढण्याची मिशनची रीत होती. नंदुरबारचे एस. ए. मिशन हायस्कूल आणि चिंचपाडा (ता. नवापूर) येथे १९४२ मध्ये सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय ही तिची उदाहरणे होत.

शहरातील दंडपाणेश्वराचे मंदिर व इमाम बादशाह यांचा दर्गा ही जुनी श्रद्धास्थाने आहेत. तापी–गोमाई संगमावरील प्रकाशे येथे केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर आदी मंदिरे असून बी. के. थापर यांच्या उत्खननात (१९५४-५५) तेथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष मिळाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात ‘छोडो भारत’ आंदोलनातील मिरवणुकीवर झालेल्या गोळीबारात शिरीषकुमार मेहता व त्याचे चार बालसहकारी हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक शहरात आहे.