लंडनची गटारे आणि नदीकाठची बाग

लंडनच्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवरील बागेत गेलात, तर तुम्हाला 1626 च्या सुमाराचे यॉर्क वॉटरगेट दिसेल. नावेतून उतरण्यासाठी बांधलेले हे दगडी द्वार आज नदीपासून बरेच आत, हिरवळीत उभे आहे. मग नदी गेली कुठे?

1858 च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने संसदेतही बसवेना, तेव्हा कुठे पैसा मंजूर झाला! मैला पूर्वेकडे नेण्यासाठी गजबजलेला स्ट्रँड रस्ता खोदण्याऐवजी अभियंता जोसेफ बाझलजेट यांनी नदीचाच काठ भरून काढला: पोटात गटार आणि भुयारी रेल्वे, वर रस्ता. 1870 मध्ये तो खुला झाला.

पण ही नवी जमीन कोणाची? तिच्या काही भागावर सरकारला कार्यालये हवी होती. खासदार डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी संसदेत विरोध केला, म्हणून तिथे बाग झाली. माझ्या मते विटा-चुन्याइतकेच हे भांडण अभ्यासावे.

मैला मात्र बेक्टन आणि क्रॉसनेस येथे नदीतच सोडला जाई. 1878 मध्ये त्याच परिसरात 'प्रिन्सेस ॲलिस' ही बोट बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. मैल्याचा गाळ वेगळा काढून जहाजाने समुद्रात नेणे 1887 मध्ये सुरू झाले.