मंगळ्या आणि मार्टिन

उरण तालुक्यातले जासई हे गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते शेतकऱ्यांच्या लढ्यामुळे. 1984 च्या जानेवारीत या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळ्या चालल्या, पाच माणसे बळी पडली. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील याच गावचे. मी मात्र आज जासईचे नाव घेतो आहे ते एका लहानशा गोष्टीसाठी. तिकडच्या जुन्या माणसांच्या नावांसाठी.

खाडीकाठच्या आगरी घरांतून आणि डोंगराच्या बाजूच्या कातकरी वाड्यांतून आजा-पणजाची नावे विचारीत चला. सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. बायकांत सोमी, मंगळी, बुधी, शुक्री. ऐकणाऱ्याला हसू येते आणि सांगणारा जरासा ओशाळतो. "वार पडला तेच नाव, दुसरं काय," असे म्हणून विषय संपवतो. पंचांग पाहून नक्षत्राचे नाव काढायचे तर भटजी हवा, दक्षिणा हवी. वार काय, बाजाराच्या दिवसावरून कोणालाही कळतो. तेव्हा ही गरिबाची बिनखर्चाची नावे, असे आपण समजून चालतो. माझे म्हणणे असे की, या नावांना फार लांबची वंशावळ आहे.

वेदांत तिथी आहेत, नक्षत्रे आहेत, पण सोमवार-मंगळवार नाहीत. आपल्याकडच्या कोरीव लेखांत वाराचा पहिला निश्चित उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातल्या एरण येथे, बुधगुप्त राजाच्या वेळच्या लेखात. साल इसवी सन 484, वार गुरुवार. उलट इटलीतले पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, आणि तिथल्या एका भिंतीवर कोणीतरी वारांच्या देवांची ओळीने नावे खरडून ठेवलेली मिळाली आहेत. शनीपासून सुरुवात, शुक्रापाशी शेवट. क्रम अगदी आपलाच.

हा क्रम असाच का? बोटांवर मोजून पाहा. आकाशातले सात ग्रह मंदगतीकडून शीघ्रगतीकडे मांडले तर शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र अशी रांग लागते. दिवसाचे चोवीस तास एकेका ग्रहाला पाळीपाळीने वाटून द्या. पहिल्या तासाचा जो धनी, तो त्या दिवसाचा धनी. शनीपासून निघालात तर पंचविसावा तास, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, रवीच्या वाट्याला येतो. रवीपासून निघालात तर चंद्राच्या. चंद्रापासून मंगळाच्या. या हिशेबातल्या तासाला आपले ज्योतिषी होरा म्हणतात, आणि होरा हा शब्द मूळचा ग्रीक. वराहमिहिराने सहाव्या शतकात मंगळाला 'आर' असे एक नाव दिले आहे. तो ग्रीकांचा युद्धदेव आरेस. याच आरेसला रोमन लोक मार्स म्हणत.

ही विद्या आली कोठून? कोणी रोमी मनुष्य जासईच्या बंदरात उतरला आणि वार शिकवून गेला, असे मला मुळीच सुचवायचे नाही. ग्रंथांच्या आणि ज्योतिष्यांच्या वाटेनेच ती आली. पण वाट मोकळी होती खरी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तकात सोपारा, कल्याण, चौल ही आपल्याच किनाऱ्याची बंदरे आहेत, आणि जासईपासून फारशा लांब नसलेल्या घारापुरीच्या बेटावर रोमी मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत.

आता मार्टिनकडे येऊ. वसईला, मुंबईला, गोव्याला हे नाव घरोघरचे आहे. लॅटिनमध्ये मार्टिनुस म्हणजे मार्सचा, आपल्या भाषेत मंगळाचा. म्हणजे मंगळ्याच की! चौथ्या शतकात एका रोमी सैनिकाने आपल्या मुलाला युद्धदेवाचे हे नाव ठेवले. मुलगा पुढे तलवार टाकून साधू झाला. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा कापून दिला, अशी त्याची कथा सांगतात. त्याचा सण अकरा नोव्हेंबरला. 1483 साली त्याच दिवशी जर्मनीत एका खाणवाल्याच्या पोराचा बाप्तिस्मा झाला, म्हणून त्याचे नाव मार्टिन, मार्टिन ल्यूथर. दिवस पाहून नाव ठेवण्याची रीत तिथेही हीच. त्याच ल्यूथरवरून एका अमेरिकन धर्मोपदेशकाने आपले आणि आपल्या मुलाचे मायकेल हे नाव बदलले. तो मुलगा, मार्टिन ल्यूथर किंग, 1959 साली मुंबईत मणिभवनात राहून गेला. देव युद्धाचा, आणि नाव अहिंसेच्या पुढाऱ्याचे. मंगळाची अशीही गंमत.

त्याहून मौजेची गोष्ट पोर्तुगालची. सहाव्या शतकात तिथल्या ब्रागा गावच्या बिशपाने लोकांना दटावले की, वारांना त्या जुन्या देवांची नावे देऊ नका. पोर्तुगीज भाषेने ते ऐकले. त्यांच्याकडे आजही सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार म्हणजे 'तिसरा'. आणि या बिशपाचे स्वतःचे नाव काय, तर मार्टिन! हेच पोर्तुगीज पुढे उरण-करंज्यावर आले, गोव्यात तर साडेचारशे वर्षे राहिले. पण गोव्याचा ख्रिस्ती माणूस कोकणीत आजही 'मंगळार' आणि 'शुक्रार' म्हणतो. बिशपाने घालवलेला देव कोकणीने सांभाळून ठेवला.

मग मार्टिनला मान आणि मंगळ्याला हसे, असे का? मला वाटते, दोष त्या शेवटच्या 'या'चा आहे. वरच्या जातीच्या सोमाला सोमाजी, बुधाला बुधाजी म्हणायचे आणि कष्टकऱ्याला सोम्या, बुध्या, हा आपला जुना व्यवहार. घरात ते लाडाचे असते, दप्तरात गेले की तुच्छतेचे होते. चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळी खाऊन पडलेला कातकरी इतिहासातही नाग्याच राहिला. नाग्याचे नागोजी करून त्याची थोरवी वाढणार नव्हती, हे खरे. पण इतरांना हा 'या' खुपला. शाळा आल्या, तशी नावे बदलली. जासईत 1926 साली जन्मलेले दि. बा. म्हणजे दिनकर, नाव सूर्याचेच, पण संस्कृत वेशातले.

बदलाची किंमतही काहींनी मोजली. आगरी बोलीत 'ळ'चा 'ल' होतो; सांगणारा मंगल्या म्हणतो, लिहिणारा कधी मंगळ, कधी मंगल, कधी मंगलदास लिहितो. 1970 नंतर नव्या मुंबईसाठी पंचाण्णव गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले, त्यांत जासईही होती. सातबाऱ्यावर बुध्या, दाखल्यावर बुधाजी, आणि दोघे एकच, हे नातवाने सिद्ध करून द्यायचे. वारसाच्या कामी ज्यांनी अशा चकरा घातल्या असतील त्यांना हा विषय नुसता मौजेचा वाटणार नाही.

एक राहिले. रोमी लोकांचा शुक्र ही बाई होती, व्हीनस, सौंदर्याची देवता. आपल्याकडे येताना तिचा पुरुष झाला, तोही असुरांचा गुरू, पुराणात एक डोळा गमावलेला. पंडितांनी तो तसाच ठेवला. पण जासईकडच्या एखाद्या आईने शुक्रवारी झालेल्या लेकीला शुक्री म्हटले, आणि पुराणाची परवानगी न विचारता शुक्राची पुन्हा बाई केली.