तेलात विरघळलेला आवाज

एक मिलिलिटरची काचेची कुपी. आत फिकट पिवळं, दाटसर तेल. सुईतून ते पटकन चढत नाही. म्हणून कुपी आधी तळहातात धरून कोमट करायची, मग कुल्ल्याच्या स्नायूत सावकाश सोडायची. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेले, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारे ट्रान्समॅन या औषधाला नुसतं 'टी' म्हणतात. 'टी सुरू केलंस का?' असं एकमेकांना विचारतात. टी म्हणजे टेस्टोस्टेरॉन. सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या एखाद्या पोराने ते घ्यायचं ठरवलं, तर 'शहरातलं नवं खूळ' हा शेरा ठरलेला. पण या कुपीचं मूळ शोधत गेलं तर ते शहरात सापडत नाही. ते गोठ्यात आणि खुराड्यात सापडतं.

खिलार गोऱ्हा वेळेत बडवला की त्याचं वशिंड वळूसारखं भरत नाही, मानेला तो जाडपणा येत नाही, आणि तो नांगराला शांतपणे चालतो. वृषण गेले की काय काय जातं, हे शेतकऱ्याला शेकडो पिढ्या ठाऊक आहे. 'खच्ची' हा शब्द तिथलाच. पुढे आपण माणसाच्या मनाचंही खच्चीकरण करू लागलो. काढून घेण्यासाठी भाषेत शब्द होता. गेलेलं देता येतं का, हा प्रश्न अवघड होता. सुश्रुतसंहितेत वाजीकरणासाठी, म्हणजे कामशक्ती वाढवण्यासाठी, बोकडाच्या वृषणांसह उकळलेलं दूध आणि त्यात भिजवलेले तीळ सांगितले आहेत. अंदाज बरोबर होता, वाट चुकली होती. नुसतं टेस्टोस्टेरॉन पोटातून गेलं, तर बहुतेक सगळं यकृतातच मोडून जातं.

१८४९ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये आर्नोल्ड बेर्टोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केला. खच्ची केलेल्या कोंबड्यांचे तुरे सुकले, आरवणं थांबलं. काहींच्या पोटात त्यांनी वृषण पुन्हा बसवलं. ते मूळ जागी नव्हतं, जुन्या मज्जातंतूंशी जोडलेलं नव्हतं. तरी तुरा पुन्हा लाल झाला, कोंबडा आरवू लागला. याचा अर्थ एवढाच की वृषणातून काहीतरी थेट रक्तात उतरतं.

ते काहीतरी हाती यायला ऐंशीएक वर्षं गेली. १८८९ मध्ये पॅरिसला बहात्तर वर्षांच्या ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं. अर्क पाण्यातला होता, आणि हे द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही. तरुणपणा मनाचाच असावा. १९२७ मध्ये, म्हणजे इकडे र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू झालं त्याच वर्षी, शिकागोत वळूंच्या चाळीस पौंड वृषणांतून वीस मिलिग्रॅम अर्क निघाला. त्याची ताकद मोजली ती खच्ची कोंबड्याच्या तुऱ्यावरच. १९३१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांनी पोलिसांचं पंधरा हजार लिटर मूत्र आटवून टेस्टोस्टेरॉनच्याच कुळातलं पंधरा मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन मिळवलं. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लाकर यांच्या प्रयोगशाळेने शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं करून त्याला नाव दिलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि दुसरे रसायनशास्त्रज्ञ रुझिका यांनी ते कोलेस्टेरॉलपासून बनवलं. आता वळूंची गरज उरली नाही.

पुढचं काम तेलाने केलं. रेणूला मेदाम्लाची शेपटी जोडली की तो तेलात नीट विरघळतो आणि स्नायूतून थोडा थोडा पाझरतो. आधीचं प्रोपियोनेट हे रूप दोन-तीन दिवसांत संपायचं. १९५० च्या दशकातलं एनँथेट दोन-तीन आठवडे पुरतं. अनडेकॅनोएट सुमारे बारा आठवडे. यांसाठी वापरलेली तेलं मात्र आपल्या घाण्यावरची आहेत: तीळ, एरंड, शेंगदाणा. अशा रूपांच्या एका प्रचलित मिश्रणात शेंगदाण्याचं तेल असतं, म्हणून शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याने ते टोचून घ्यायचं नसतं.

हे औषध पुरुष होण्यासाठी घेतलेला ज्ञात असलेला पहिला माणूस म्हणजे इंग्लंडचा मायकेल डिलन. तोवर यकृतात टिकणारी रूपं निघाली होती. १९३९ मध्ये त्याने गोळ्या घेतल्या, १९४४ मध्ये जन्मनोंद बदलून घेतली, १९५१ मध्ये डब्लिनहून डॉक्टर झाला. १९५८ मध्ये वृत्तपत्रांनी त्याचं गुपित फोडलं. तो भारतात आला, सारनाथला बौद्ध दीक्षा घेतली आणि बुद्धाच्या वैद्याचं, जीवकाचं नाव लावलं. १९६२ मध्ये डलहौसीला तो वारला. म्हणजे या 'नव्या खुळा'चा पहिला माणूस आपल्याच मातीत विसावला आहे, साठहून अधिक वर्षांपूर्वी.

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा घराघरांत पोचली ती ललित साळवे यांच्यामुळे. बीड जिल्ह्यातल्या या पोलिस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या तपासणीत सहसा पुरुषांत असणारं वाय गुणसूत्र सापडलं होतं, त्यामुळे ती गोष्ट हुबेहूब ट्रान्समॅनची नाही. पण रजेच्या एका अर्जाने सरकारला उत्तर द्यायला लावलं. त्याआधी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मानला होता. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्यानंतर आलेल्या २०२० च्या नियमांनी समुपदेशन आणि हार्मोन उपचार हेही वैद्यकीय उपचारच मानले.

पाटणच्या पोराला यासाठी सहसा कराड, सातारा नाहीतर पुणे गाठावं लागतं: आधी मानसोपचारतज्ज्ञ, मग हार्मोनतज्ज्ञ, आणि रक्ताच्या तपासण्या. टीने रक्त दाट होतं, म्हणून हिमोग्लोबिन पाहत राहावं लागतं. पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते, पण टी म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. दाढी भरायला वर्षं लागतात. फुटलेला आवाज औषध बंद केलं तरी मागे फिरत नाही, म्हणून निर्णय शांतपणे घ्यावा.

जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून कुपी घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, रक्त तपासूनच घ्या. आणि घरच्यांनो, आवाज फुटायला तीन महिने ते वर्ष लागतं. पोराने सांगितलेल्या नावाने हाक मारायला तेवढं थांबू नका.