शंभर एमबीची फ्लॉपी आणि काकांचा डबा

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण थोडा घरचा. बोललेलंच जवळपास तसंच खाली लिहिलंय.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत डोंबिवलीला काकांच्या माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत काही साध्या फ्लॉप्या आणि त्यांच्यापेक्षा जाड अशा अकरा डिस्क. एकीवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘सरांच्या कविता, नवीन’. हे सर म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक. त्यांचा दुसरा संग्रह काकांनी टाईप केला होता, पण तो छापला गेलाच नाही. सरांची वही २६ जुलै २००५ च्या पुरात तळमजल्यावर भिजून गेली. आता सर नाहीत. म्हणजे त्या कविता असल्या तर त्या डिस्कवरच. त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, त्या हव्या होत्या.

आधी ही डिस्क आली कुठून, ते बघू. आपली नेहमीची साडेतीन इंची फ्लॉपी १.४४ एमबीची. हिशेब सोपा आहे: दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० ट्रॅक, प्रत्येक ट्रॅकवर १८ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट. लग्नपत्रिकेच्या मजकुराला हे भरपूर होतं. पण नव्वदच्या दशकात डीटीपीवाल्यांकडे रंगीत मुखपृष्ठं आली. ए-फोर आकाराचं चित्र ३०० डीपीआयला चार रंगांत साठवलं की सुमारे ३५ एमबी होतात. म्हणजे एका मुखपृष्ठाला २४ फ्लॉप्या! फाईलचे तुकडे करायचे, पिशवीत भरायचे, लोकल पकडून मुंबईला पॉझिटिव्ह काढायला जायचं. तिथे सतरावी फ्लॉपी वाचली नाही की सगळी फेरी फुकट. काका तर गाडीत मोटरच्या डब्यात बसायचे नाहीत, चुंबकाने डेटा उडेल म्हणून.

१९९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोमेगा कंपनीने झिप ड्राइव्ह विकायला आणला. एका डिस्कवर १०० एमबी. (हे झिप म्हणजे झिप फाईल नव्हे, नावापुरतंच साम्य.) नंतर २५० आणि ७५० एमबीच्याही आल्या. डिस्क तशीच लवचीक, मग जागा वाढली कशी? साध्या ड्राइव्हमध्ये हेड ठरावीक पावलं टाकत सरकतं, आपण ट्रॅकच्या नेमके मध्यावर आहोत का हे त्याला कळत नाही. म्हणून ट्रॅक रुंद ठेवावे लागतात. झिपच्या डिस्कवर कारखान्यातच वाटाड्या खुणा लिहिलेल्या असायच्या. हेड त्या वाचून स्वतःची जागा दुरुस्त करायचं, हार्ड डिस्कसारखं. त्यामुळे ट्रॅक बारीक आणि दाट करता आले. फिरण्याचा वेगही मिनिटाला ३०० फेऱ्यांवरून जवळपास ३,००० वर गेला.

तिचा एक प्रतिस्पर्धी होता, एलएस-१२०, म्हणजे सुपरडिस्क. १२० एमबी. त्यात वाटाड्या खुणा लेझरने वाचल्या जात, डेटा मात्र चुंबकीयच. आणि त्यात साधी फ्लॉपीही चालायची, झिपमध्ये ती चालत नसे. तरी बाजार झिपने मारला, कारण ती आधी आली. पुढे ‘क्लिक ऑफ डेथ’ गाजलं: हेड जागेवरून हललं की ड्राइव्ह पुन्हा पुन्हा टकटक करायचा. फाटक्या डिस्कने ड्राइव्ह बिघडायचा आणि तो ड्राइव्ह पुढची डिस्क फाडायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यावर खटलाही झाला. मग सीडी स्वस्त झाली, पेनड्राइव्ह आला आणि विषय संपला.

आता गंमत बघा. काकांच्या साध्या फ्लॉप्या मी स्वस्तातल्या यूएसबी ड्राइव्हवर वाचल्या. शंभर एमबीवाल्या डिस्कसाठी मात्र चालू ड्राइव्ह शोधण्यात चार महिने गेले. शेवटी ठाण्यातल्या एका ओळखीच्यांकडे यूएसबीचा झिप ड्राइव्ह मिळाला. जागा कितीही असो, वाचणारं यंत्र किती घरांत आहे, त्यावर डिस्कचं आयुष्य ठरतं. हे मला तेव्हा कळलं.

घरी असा डबा असेल तर क्रम लक्षात ठेवा. आधी डिस्कची पत्र्याची झडप सरकवून कड बघा. फाटलेली किंवा बुरशी आलेली डिस्क ड्राइव्हमध्ये घालू नका. आमच्या दोन डिस्कवर पांढरी बुरशी होती, त्या बाजूला ठेवल्या. मग लिनक्सवर डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची प्रत काढा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवरच करा. पीसीवर फॉरमॅट केलेल्या झिपवरचा डेटा सहसा चौथ्या पार्टिशनमध्ये असतो. ‘डिस्क रिकामी आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

सरांची डिस्क वाचली गेली. पण फाईल उघडली तर स्क्रीनवर रोमन अक्षरांचा कचरा! युनिकोडच्या आधी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेली असायची. तो फाँट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. काकांनी फाँट ओळखला, कन्व्हर्टर लावला आणि जोडाक्षरं आम्ही दोघांनी हाताने सुधारली.

अनुक्रमणिकेत ४३ कविता होत्या. ४० मिळाल्या. तीन फाईल खराब सेक्टरमध्ये गेल्या, त्यांची फक्त नावं उरली. ताईला त्यातल्या एकीच्या सहा ओळी पाठ होत्या. त्या तिने फोनवर सांगितल्या, मी टाईप केल्या. आता हे सगळं तीन ठिकाणी ठेवलंय, साध्या युनिकोड मजकुरात. आणि ताईच्या हट्टापायी एक छापील प्रतही काढलीय.