शनवार तेली

पनवेल शहरांत 'बेथ एल' नांवाचें यहुदी प्रार्थनामंदिर १८४९ सालीं बांधलें गेलें. बेथ एल म्हणजे हिब्रू भाषेंत 'देवाचें घर'. परंतु तें बांधणाऱ्या बेने इस्राएल लोकांची घरची भाषा मराठी, आणि दिवेकर, किहीमकर, पेणकर हीं त्यांचीं आडनांवें कुलाब्यांतील गांवांवरून पडलेलीं.

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम हे तीनही धर्म आपलें मूळ अब्राहामापाशीं नेतात. मुसलमान त्यासच इब्राहीम म्हणतात. एक ईश्वर, त्याची आज्ञा सांगणारे प्रेषित आणि ती आज्ञा जतन करणारा ग्रंथ, हा तिघांचा समान पाया. येशू तारणारा कीं नाहीं, महंमद अखेरचा पैगंबर कीं नाहीं, येथें वाटा फुटतात. ग्रंथाचें महत्त्व मात्र एवढें कीं, कुराणांत यहुदी व ख्रिस्ती यांस 'ग्रंथवाले' असेंच म्हटलें आहे.

आणि नेमका ग्रंथच बेने इस्राएलांजवळ नव्हता! नवगांवच्या किनाऱ्याशीं गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, पोथ्या समुद्रांत गेल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. पुढें त्यांनीं तेलाचा धंदा धरला. शनिवारीं त्यांचा घाणा बंद. म्हणून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. मुलाची आठव्या दिवशीं सुंता करावी, ज्यास खवले व पर नाहींत तो मासा खाऊं नये, ईश्वर एकच असें सांगणारा 'शेमा' म्हणावा, एवढ्या आचारावर धर्म शतकानुशतकें टिकला. नवस फेडतांना एलिया पैगंबराच्या नांवें गोड पोह्यांचा 'मलिदा' करतात, तो तर अस्सल कोकणी!

ग्रंथ परत मिळाला तो कोचीनच्या यहुदी शिक्षकांकडून, आणि मौज अशी कीं, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडूनही. डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. हेतु धर्मांतराचा होता. पण बाप्तिस्मा घेतला तो फारच थोड्यांनीं. बाकीचे तीं अक्षरें शिकून आपल्याच शास्त्राकडे वळले.

१९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. तेथील कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं विवाहाच्या वेळीं त्यांच्या वंशाचा पुरावा मागितला! शनिवारचा बंद घाणा हा पुरावा त्यांस पुरेसा वाटेना. लोकांनीं निदर्शनें केलीं, आणि १९६४ सालीं इस्राएलच्या संसदेनें बेने इस्राएल हे सर्वार्थानें यहुदी आहेत असें जाहीर केलें.